अठ्ठेचाळीस चौकोनांची चादर

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सोलापूर स्थानकाच्या फलाटावर आमच्या कुटुंबाने एक चादर उलगडायला घेतली. ती शेवटपर्यंत उलगडली गेली नाही. फलाट पुरेसा लांब होता, पण मध्येच गाडी आली.

चादर माझे सासरे नरसय्या यांनी स्वतःच्या मागावर विणली होती. विणकामात कोणताही दोष नव्हता. दोष माहितीत होता आणि माहिती मी पुरवली होती.

माझी मुलगी श्रावणी जिल्ह्याच्या मुलींच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे. संघ राज्य स्पर्धेसाठी पुण्याला निघाला होता. तिथे चांगले खेळणाऱ्या मुलींची राज्याच्या शिबिरासाठी निवड होणार होती. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. शहराच्या पूर्व भागात त्यांच्या घराच्या तळमजल्यावर एक माग होता आणि उभे आयुष्य त्यांनी त्याच्या खडखडाटात काढले. (त्यामुळे ते फोनवरही मागाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात.) आता गुडघे साथ देत नव्हते, मागाचे सुटे भाग मिळत नव्हते आणि दिवाळी झाली की माग भंगारात द्यायचा, असे ठरले होते. त्यावरची शेवटची चादर नातीबरोबर पुण्याला जावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मोर नको, फुलं नको," मामा म्हणाले. "पोरगी फुटबॉल खेळती. जावईबापू, ते पोरींचं जगाचं फुटबॉल असतंय की, त्यात देश किती असतात?"

मी सोलापूरच्या एका दैनिकाचे क्रीडा पान अनेक वर्षे सांभाळतो. मी प्रत्येक बातमी दोनदा तपासतो, असा माझा लौकिक आहे. (तो मीच पसरवला आहे.) मी मान वर न करता सांगितले, "सोळा."

"नक्की?"

"मामा, ही सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा आपल्या देशात झाली तेव्हा पान मीच लावलं होतं!"

ते खरे होते. पुढे मी त्यांना स्पर्धेची वाटचालही सांगितली. तरुणांसाठी अशी जागतिक स्पर्धा आधी मुलांची सुरू झाली. सुरुवातीला सोळा वर्षांखालील मुले खेळत, पुढे मर्यादा सतराची झाली. मुलींची पाळी बऱ्याच वर्षांनी आली. मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि त्यातला फक्त आकडा उचलला.

सोळा देश म्हणजे सोळा चौकोन. एका ओळीत चार झेंडे आणि अशा चार ओळी, एका चादरीत नेमके बसतात. मामांनी जुन्या ओळखीतल्या माणसाकडून प्रत्येक झेंड्यासाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडून आणली. नक्षी त्या भोकांवरून मागाला कळते. अडचण रंगांची होती. घरात शिल्लक सूत दोनच रंगांचे होते, लाल आणि पांढरे. त्यामुळे जगातले सगळे देश लाल-पांढरे झाले.

"अर्जेंटिना कुठला?" माझ्या पत्नीने, शारदाने, वडिलांना विचारले.

"हा."

"नाना, तो निळा असतो!"

"असतो तर असतो. आपल्या घरात लालच आहे."

जपानला कोणताही त्रास झाला नाही.

चार ओळी विणून झाल्या त्या दिवशी श्रावणी सरावावरून परस्पर आजोळी गेली. मीही तिथेच होतो. तिने मागावरची चादर पाहिली, चौकोन मोजले आणि बूट न काढता विचारले, "आजोबा, बाकीचे आठ कुठं आहेत?"

"कुठले आठ?"

"आता चोवीस संघ असतात. आणि आता दरवर्षी असते स्पर्धा, पूर्वीसारखी वर्षाआड नाही. बाबांना माहितेय की!"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिले. बाबांना माहीत नव्हते. बाबांनी ज्या वर्षी पान लावले होते, त्या वर्षानंतर स्पर्धा बाबांना न कळवता मोठी झाली होती.

मामा रागावले नाहीत. "शेवटचा काठ अजून विणला नाही ना," ते म्हणाले. "मग चादर संपली कुठं? अजून दोन ओळी घालतो."

इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. चादरीची रुंदी माग ठरवतो, ती वाढत नाही. वाढते ती लांबी. आणि एका टोकाचा काठ विणून चादर सुरू झाली, की दुसऱ्या टोकाचा काठ येईपर्यंत ती मामांच्या लेखी चादर नसते. मध्ये कापणे हा विषय त्यांच्या घरात निघत नाही.

दोन ओळी वाढल्या. चादर एका माणसाला जास्त आणि दोन माणसांना कमी, अशा लांबीची झाली. प्रकरण इथे थांबू शकले असते.

पण माझा लौकिक दुखावला होता. यापुढे चूक नको म्हणून मी स्वतः पडताळणी करायचे ठरवले. कार्यालयात समोरच्या टेबलावर बसणारे माझे सहकारी परदेशी बातम्या पाहतात. मी त्यांना विचारले, "सतरा वर्षांखालच्या जागतिक फुटबॉलला आता संघ किती?"

त्यांनी संगणकावर पाहिले. "अठ्ठेचाळीस."

"अठ्ठेचाळीस! चोवीस नाही?"

"चोवीस पूर्वी होते. आता अठ्ठेचाळीस. वाचूनच सांगतोय की!"

बातमीदारीत पहिला प्रश्न 'कोण' हा असतो. नव्या मुलांना मी ते दरवर्षी शिकवतो. मुले की मुली, हे मी विचारले नाही. मी मामांना फोन लावला.

"मामा, अठ्ठेचाळीस आहेत."

मागाचा खडखडाट थांबला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी फोनवर बोलताना मला प्रथमच शांतता ऐकू आली.

"किती?"

"अठ्ठेचाळीस. या वेळी पडताळून सांगतोय. अधिकृत आहे."

"पोरगी तर चोवीस म्हणत होती."

"लहान आहे ती, मामा."

मग मामा म्हणाले, "सूत पुरतंय का बघतो." आणि खडखडाट पुन्हा सुरू झाला.

सूत पुरले नाही. शेजारच्या दोन घरांतून लाल आणले. पट्ट्यांना भोके पाडणाऱ्या माणसाने मध्येच विचारले, जगात इतके देश आहेत का? मामांनी त्याला माझे नाव सांगितले. त्याच सुमारास माझी आई मोडनिंबहून दिवाळीसाठी आली आणि तिला व्याह्यांकडे नेले. तिने मागावरून खाली उतरलेली, घडी करून ठेवलेली, तरीही उतरतच असलेली चादर पाहिली.

"व्याही, ही पोरीला पांगरायला हाय का मांडवाला घालायला?"

"तुमच्या मुलालाच विचारा," मामा म्हणाले.

"त्याला काय इचारायचं? ल्हानपनी दुकानातनं मीठ आण म्हनलं तर सोडा आनायचा. न्हाय का रं?"

मी याला दुजोरा दिला नाही.

भाऊबीज झाली. श्रावणीच्या प्रयाणाच्या आदल्या दिवशी सकाळी मामांनी शेवटचा काठ विणून चादर मागावरून उतरवली. दुपारी भंगारवाल्याची गाडी आली आणि माग सुट्या लोखंडाच्या रूपात निघून गेला. मामा गाडी वळेपर्यंत दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी चादर नातीसमोर ठेवली. घडी तिच्या गुडघ्यापर्यंत आली.

श्रावणी ओळी मोजू लागली. चार... आठ... बारा ओळी.

"आजोबा, हे अठ्ठेचाळीस का?"

"बाबांनी अधिकृत सांगितलंय."

श्रावणीने माझ्याकडे वळून पाहिले. पेनल्टी मारणाऱ्या मुलीकडे ती अशीच पाहते. "बाबा, अठ्ठेचाळीस मुलांच्या स्पर्धेला! आमच्या स्पर्धेला चोवीसच!"

घरात आता मागही नव्हता, त्यामुळे शांतता पूर्ण होती. शारदा तेलुगूत एक वाक्य बोलली. मला तेलुगू येत नाही, पण आमच्या लग्नाला वीसहून अधिक वर्षे झाली आहेत. मला ते समजले.

"असू दे," शेवटी मामाच म्हणाले. "उबेला काय, जास्त झाली तर बिघडत नाही."

माझ्या आईचे लक्ष चादरीच्या शेवटच्या टोकाकडे होते. "ह्यो एक चौकोन मोकळा हाय की. आन आपला झेंडा कुटं हाय?"

शेवटच्या ओळीतला शेवटचा चौकोन नुसता पांढरा होता. मामांनी त्यावरून हात फिरवला. "जावईबापू म्हणाले, या वेळी आपला संघ त्यात नाही. म्हणून मोकळा सोडला. एखादी आपली पोरगी गेली तिथं, की शारदा सुईनं भरेल."

तो एकच तपशील मी अचूक पुरवला होता, असे तेव्हा स्पष्ट झाले.

रविवारी सकाळी आम्ही सगळे स्थानकावर होतो. संघाबरोबर जाणारे प्रशिक्षक शिस्तीचे होते. प्रत्येक मुलीने एकच बॅग आणायची, असा त्यांचा नियम होता. श्रावणीची बॅग तिच्या पाठीवर होती. चादर मी आणि मामांनी दोन बाजूंनी धरली होती.

"हे काय आहे?" प्रशिक्षकांनी विचारले.

"चादर," मामा म्हणाले.

"कोणाची?"

"हिची एकटीची."

प्रशिक्षकांनी मान हलवली. "नाही हो, आजोबा. एका मुलीला एवढं सामान नेऊ दिलं तर बाकीच्या गाद्या आणतील."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी वाद घातला नाही. "नेऊ नका, पण बघा तरी," एवढेच म्हणाले आणि घडी सोडायला लागले.

चादर फलाटावर पुढे जाऊ लागली. पहिल्या चार ओळींपर्यंत लोक बाजूला सरकत होते. सहाव्या ओळीला विजापूरकडचे एक कुटुंब बाकावरून उठून तिच्यावर येऊन बसले आणि त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोडली. आठव्या ओळीला एका गृहस्थांनी मला विचारले, "ह्यातली अर्धी मिळंल का हो कापून?"

"चादर कापून देत नसतात!" मामा त्या टोकावरून ओरडले. (मागाला ऐकू जाईल अशा आवाजात. फलाटावरची कुत्री उठून गेली.)

प्रशिक्षक आता खाली वाकून पाहत होते. त्यांनी एक कोपरा उलटला. अशा चादरीच्या मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते, जिथे लाल तिथे पांढरा आणि जिथे पांढरा तिथे लाल.

"अहो, हे पोलंड उलटलं की इंडोनेशिया होतंय!"

"मग धरा, आणखी वाढले देश," शारदा म्हणाली. "ह्यांना सांगू नका फक्त."

मुली हसायला लागल्या. दहाव्या ओळीला गाडी आली. गाडी फार वेळ थांबत नाही. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मामा, मध्ये विजापूरचे कुटुंब भाकरीसह. "उठा, उठा!" म्हणत आम्ही घडी घालायला लागलो. घडी बसेना. चटणीसकट दोन देश गुंडाळले गेले.

तेव्हा श्रावणी म्हणाली, "सर, तिकडं शाळेच्या हॉलमध्ये झोपायचंय ना आपल्याला? एका रांगेत?"

"हो. का?"

"मग ही आडवी घालू. सगळ्यांना एकच!"

प्रशिक्षकांनी चादरीकडे पाहिले, मुलींच्या रांगेकडे पाहिले. "मग हे एकीचं सामान नाही," ते म्हणाले. "संघाचं आहे. चढवा!"

सगळ्या मुलींनी चादर खांद्यांवर घेतली आणि डब्यात शिरल्या. शेवटचे टोक आत जात असताना गाडी हलली. मामा त्याबरोबर चार पावले चालले. पांढरा चौकोन दारातून आत गेला, तेव्हा थांबले.

पुण्याहून श्रावणीने एक छायाचित्र पाठवले. हॉलमध्ये रांगेने डोकी दिसत होती आणि सगळ्यांच्या अंगावर एकच चादर होती. मामांनी ते शेजारच्या दोन्ही घरांत दाखवले, कारण सूत त्यांचे होते.

संघ उपांत्य फेरीत हरला. चादर परत आली. तिच्यावरचे चटणीचे डाग धुतल्यावर गेले, रंग गेला नाही. सध्या ती आमच्या पलंगावर चार पदरी असते आणि मोकळा चौकोन माझ्या पायाशी येतो.

पुढच्या आठवड्यात राज्याच्या शिबिरासाठी निवडलेल्या मुलींची नावे आली. थोड्या वेळाने मामांचा फोन आला. तो मी घेतला.

"जावईबापू, पोरीचं नाव आलं म्हणतात. खरं का?"

"खरं आहे, मामा. मी स्वतः पाहिलं."

"बरं बरं," मामा म्हणाले. "जरा श्रावणीला द्या. खात्री करून घेतो."

मी फोन श्रावणीकडे दिला.