मला तो आजार पाहिजे होता

हे माझ्यासोबत झालं. सेनगाव तालुक्यातल्या एका गावात, चौथीच्या वर्गात, मधल्या सुट्टीत. मी बौद्धवाड्यातली पोरगी. शेवटच्या ओळीत बसणारी.

ओंकारच्या बाकावर पत्र्याचं ताट होतं. ताटात वाळू. ओंकार साठ एकरवाल्याचा. त्यालाही वाचता यायचं नाही. त्याच्यासाठी नांदेडहून एक मॅडम गाडीनं यायच्या, शाळेच्याच व्हरांड्यात बसायच्या. वाळूत बोटानं अक्षर काढायचं, काढता काढता तोंडानं त्याचा आवाज करायचा. मी खिडकीतून बघायची.

त्या दिवशी सगळे खिचडीला गेले. मी वाळूत बोट घातलं. 'मी' काढलं. वेलांटी कुठल्या बाजूला, हे माझ्या डोक्यात कधी थांबायचंच नाही. त्या दिवशी बोटाला कळलं. मी मोठ्यानं वाचलं.

"हात काढ!" दारात गुर्जी. "त्याचं हाय ते."

"गुर्जी, मला बी वाचता येत न्हाई."

"त्याला आजार हाय. तू ढ हायेस."

तोवर पोरं परत आली होती. हसली. गुर्जींनी ताट उचललं, वाळू अंगणात ओतली. शिपायाला नवी भरून आणायला लावली.

वाळू कयाधू नदीची होती. कुणाच्या बापाची नव्हती.

घरी येऊन मी मायला म्हणलं, "माय, मला बी तो आजार पाहिजे."

माय आधी हसली. मग तिनं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून शाळेत आली. हात जोडून म्हणाली, "गुर्जी, त्या बाईला म्हणा, माझ्या लेकरालाबी जवळ बसू द्या. कोपऱ्यात बसंल."

"तुमच्यात कुनी वाचलंय का कधी? रक्तातच न्हाई ते. काहून तकलीफ घेता बाई? खुरपं शिकवा तिला."

मायनं मान हलवली. 'व्हय' म्हणली. त्या माणसाला 'व्हय' म्हणली माझी माय, आणि जाताना पुन्हा हात जोडले.

ते मला सोसलं नाही. आजही सोसत नाही.

पुढं तपासणीचे साहेब येणार होते. गुर्जींनी शेवटच्या ओळीला सांगितलं, "उद्या येऊ नका." बाकीच्यांना सुट्टीचा आनंद झाला. मी गेले. केस विंचरून, पहिल्या ओळीत बसले. साहेब पुस्तक घेऊन माझ्यापाशी आले तसे गुर्जी मधे पडले, "राहू द्या साहेब, ही ढ हाय."

मी उभी राहिले.

"मी ढ न्हाई. ओंकारला हाय तेच मला हाय. त्याला शिकवून राहिले. मला कुनी शिकवलं न्हाई."

साहेब हसले. "बोलायला तर हुशार आहे पोरगी." आणि पुस्तक पुढच्या पोराला दिलं.

बस. एवढंच झालं. कुणाची बदली झाली नाही, कुणी माफी मागितली नाही. आठवीत शाळा सुटली. मी वसमतला हळद निवडायला जाऊ लागले.

हिंगोलीत एका ताईनं मला वाचायला शिकवलं, तेव्हा मी लग्नाच्या वयाची झाले होते. तसंच बोटानं, तसंच आवाज करत. तिनंच सांगितलं, हा आजार नाहीच, काही लेकरांची शिकायची वाट वेगळी असते. पहिलं पान संपलं तेव्हा मी रडले. ताईला वाटलं, आनंदानं. आनंद कसला? एवढंच करायचं होतं? एवढ्यासाठी माझी माय हात जोडून उभी राहिली? ती गेली तेव्हा मला तिचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

आता मी अशा लेकरांसाठी गावोगावच्या शाळांत जाते. हात जोडत नाही.

तुम्ही हे वाचून राहिलात, म्हणजे तुम्हाला वाचता येतं. तुमच्या गावच्या शाळेतही शेवटच्या ओळीत असं एक लेकरू आहे. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे. हळहळू नका. उद्या त्याच्या मायला सोबत घ्या, हेडमास्तरच्या खोलीत जा आणि सांगा: याला शिकवणारा माणूस आणा, याच शाळेत, फुकट. तारीख सांगत नाहीत तोवर खुर्ची सोडू नका. आणि मायला हात जोडू देऊ नका.