चार चट्टे
कांदा किसला की मला आईची चाई आठवते. केस जाऊन डोक्यावर रुपयाएवढे चार गुळगुळीत चट्टे पडले होते आणि सगळं गाव औषध सांगत होतं. फवारणीचं नवं औषध आई आधी टोमॅटोच्या एकाच सरीवर मारून बघायची. इथंही तिनं तेच केलं. एका चट्ट्याला कांद्याचा रस, दुसऱ्याला उगाळलेली गुंज, तिसऱ्याला जुन्नरच्या डॉक्टरांचं इंजेक्शन. चौथ्याला मी रस लावायला गेले तर म्हणाली, "त्यो मोकळा ऱ्हाऊ दे. नाय तर ताडून कशाशी बघायचं?" कांद्यानं नुसता वास आला, गुंजेनं फोड. इंजेक्शनचा चट्टा आधी भरला, पण मागोमाग मोकळाही भरला. आईकडून हे सगळं ऐकून डॉक्टरांनी उठून हात जोडले. परवा माझ्या कानामागे चट्टा दिसला. फोनवर आईनं विचारलं, "किती हायेत?" एकच म्हटल्यावर हळहळली, "मग ताडून कशाशी बघशील?"