वामनरावांचं समोरचं दार

आमच्या साउथहॅम्प्टनच्या बौद्ध मंडळात घरं मोजकीच, पण किस्से इतके की कोणाकडेही चहाला बसलं की एखादा निघतोच. त्यातले निम्मे वामनराव गायकवाडांचे. मी मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे टाइपरायटर माझ्याकडे होता म्हणून. त्यामुळे सगळे मनस्ताप आधी माझ्याकडे यायचे. आजही आठवलं की डोकं तापतं.

वामनराव डॉकवर क्रेनचे इंजिनिअर. माणूस सरळ, पण एक खोड होती. जुनं चर्च किंवा कॅथीड्रल दिसलं की आत जायचं, आणि तेही समोरच्या मोठ्या दारानेच. त्यांच्या गावात दगडी हेमाडपंती देऊळ आहे. त्यांच्या वडिलांना कोणी पायरी चढू दिली नाही, त्यांनी ते जन्मभर लांबून पाहिलं. "मी देव मानत नाही," वामनराव म्हणायचे, "पण दार मानतो."

*

एका उन्हाळ्यात आम्ही कोच, म्हणजे मोठी बस, करून फ्रान्स-जर्मनीला गेलो. शार्त्रच्या कॅथीड्रलमध्ये सगळे निळ्या काचा बघायला आत धावले. वामनराव दारातच उभे. दोन्ही बाजूंना खांबांसारखे उंच, सडसडीत दगडी राजे आणि राण्या. गाइड म्हणाली, आत चला, बघण्यासारखं सगळं आत आहे.

वामनराव म्हणाले, "बाई, एवढे राजे दाराशी उभे केलेत आणि आत कोणालाही सोडतात. याहून बघण्यासारखं काय असणार?"

पुढे जर्मनीत एका कॅथीड्रलला समोरून परांच्या बांधल्या होत्या, म्हणून टूरिस्टांना बाजूच्या दाराने सोडत होते. वामनराव बाहेर बाकावर बसून राहिले. त्यांच्या मिसेस, कमलताई, म्हणाल्या, "अहो, दार ते दार. चला की." तरी नाही. आम्ही बाहेर येईपर्यंत त्यांनी सगळ्यांची सँडविचेस संपवली होती.

*

एकदा लंडनमध्ये स्टॅनमोरला एका मराठी घरी बारशाला गेलो होतो. यजमानीण बाईंनी आल्या आल्या वामनरावांना आडनाव विचारलं. "गायकवाड? म्हणजे बडोद्याचे का हो?" बाईंचा चेहरा नुसता खुलला होता.

"नाही. आम्ही बौद्ध."

"अय्या, हो का? पण तुमच्याकडे बघून वाटत नाही हं."

वामनराव शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे बघून मात्र वाटतं."

मी हातातली करंजी तशीच ताटलीत ठेवली. सातासमुद्रापार आले, मॉर्गेज काढून घरं घेतली, पण दार किती उघडायचं ते अजून आडनाव विचारूनच ठरवतात ही माणसं!

*

नव्वदच्या आसपास आमच्या भागातलं एक व्हिक्टोरियन चर्च विक्रीला निघालं. गारगोटीच्या भिंती, टोकदार कमानी, छताला ओकच्या जाडजूड तुळया. कित्येक वर्षं बंद, आत नुसती कबुतरं. आम्ही ठरवलं, विहारासाठी हेच घ्यायचं.

झालं. जी माणसं वर्षानुवर्षं तिकडे फिरकली नव्हती, ती कौन्सिलच्या मीटिंगला कोट-टाय घालून हजर. पुढारी कोण, तर समोरच राहणारे मिस्टर हॉब्स. आम्ही ढोल वाजवू, करीचा वास येईल, पार्किंग मिळणार नाही. आणि वर, "इमारतीचं कॅरेक्टर जाईल." कबुतरांनी ते इतकी वर्षं सांभाळलं होतं बहुतेक!

वामनराव उठले. "मिस्टर हॉब्स, तुम्ही आत शेवटचे कधी गेला होतात?"

हॉब्स म्हणाले, "माझ्या लग्नात."

सगळा हॉल हसला. वामनराव हसले नाहीत. परमिशन मिळाली.

*

पण इमारत लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतली. खिळा ठोकायचा तरी विचारून ठोका. आणि समोरच्या दारामागे कोणीतरी पूर्वी भलामोठा बॉयलर बसवून ते दार कायमचं बंद करून टाकलेलं. ते उघडू द्या म्हणून अर्ज केला, तर कौन्सिलची कॉन्झर्व्हेशन ऑफिसर आली आणि गोड हसून म्हणाली, "पण बाजूला इतकं छान दार आहे की."

वामनराव लालबुंद झाले. "मॅडम, बाजूचं दार आम्हाला नवीन नाही."

तिला काय कळणार? आम्हाला कळलं, पण आम्हीही कंटाळलो होतो. हिवाळा तोंडावर आला होता, म्हणून बाजूच्या दाराने आत जाऊन वंदना सुरू केली. वामनराव आले नाहीत. ज्या जागेसाठी इतके झगडले, तिथे त्यांनी पाऊल टाकलं नाही. दर रविवारी टोपीचं जाड ॲनोरॅक जॅकेट घालून समोरच्या बंद दाराच्या पायरीवर बसायचे आणि तिथूनच त्रिशरण म्हणायचे. कमलताई बाजूच्या दाराने त्यांना चहा नेऊन द्यायच्या. मला कौन्सिलचा राग यायचा, वामनरावांचा त्याहून जास्त, आणि आत हीटरजवळ बसलेल्या आमचा सगळ्यात जास्त.

*

शेवटी परवानगी आली, बॉयलर निघाला, सुताराने दार सोडवलं. ज्या रविवारी ते उघडलं त्या दिवशी आम्ही सगळे पांढरे कपडे घालून बाहेर थंडीत उभे होतो. पहिले वामनराव आत जाणार, हे ठरलेलंच होतं.

ते पायरीपर्यंत गेले आणि थबकले. कडेने मिस्टर हॉब्स येत होते. एकटेच, टाय लावलेला. मिसेस हॉब्स गेल्याचं आम्ही ऐकलं होतं. कोणाकडे न बघता ते खाली मान घालून बाजूच्या दाराकडे निघाले होते.

वामनराव तरातरा तिकडे गेले. "नॉट दॅट डोअर, मिस्टर हॉब्स! बाजूच्या दाराने इथे कोणीही जाणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

दंडाला धरून त्यांना समोर आणलं. दार सताड उघडं होतं. हॉब्सनी आत एकदा बघितलं, मग मागे सरकले आणि हात पुढे करून वामनरावांना म्हणाले, "आफ्टर यू, सर."

वामनराव बूट काढायला पायरीवर बसले. नाड्या सोडत बराच वेळ खाली बघत राहिले.

शेवटी मागून कमलताई म्हणाल्या, "अहो, चला की आता. ते थांबलेत तुमच्यासाठी."