शेवटची हाक

गणपतीच्या सजावटीचं खोकं उघडलं की मखराच्या पडद्यांखाली घुंगरांचा एक चाळ खुळखुळतो, आणि दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या हॉलमधला गणपतीतला तो कार्यक्रम आठवतो. जाखडी नाचायला अल क्वोजच्या कामगार कॅम्पात राहणारे कोकणातले गडी आले होते, आणि रिंगणाच्या मधोमध मृदंग घेऊन त्यांचे बुवा. बुवा गाणार, हाका देणार, तसं रिंगण वळणार; त्यांची शेवटची हाक आल्याशिवाय कुणी पाय थांबवायचा नाही, हा नियम. व्हिसा संपल्यामुळे बुवा दुसऱ्या दिवशी कायमचे गावी निघणार होते. "तुमच्यानंतर कोण?" मी आधीच विचारलं होतं. "कोन नाय, ताई. ह्यांना नुसतं नाचाय येतंय," ते हसले. "तुमी शिकीवलंत कधी?" एक गडी ओरडला होता. गाणं संपलं. हॉलची वेळही संपली. वॉचमन दारातून "यल्ला भाई, खलास" म्हणत घाई करू लागला. बुवांनी शेवटच्या हाकेसाठी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. रिंगण फिरत राहिलं. सगळे घामाघूम झाले, तरी ती हाक द्यायला कुणीच धजावेना. "मम्मा, व्हाय डोन्ट दे स्टॉप?" माझ्या मुलीनं विचारलं. अखेर बुवांनी मृदंग बाजूला ठेवला, समोरून जाणाऱ्या गड्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घालून त्याचा चाळ सोडू लागले. तेव्हा कुठे सगळे थांबले. तो चाळ तिथेच राहिला; मी तो सजावटीबरोबर घरी आणला, पण न्यायला कुणी आलंच नाही. दर वर्षी मी तो पुसते आणि परत खोक्यात, सगळ्यात खाली ठेवते.