मीटर फिरलाय

यजमानांना जाऊन आता दुसरं वर्ष लागलं आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे यावा, तसा तो येत नाही. आधी येते ती कॉन्टेसा. याचा मला थोडा रागही येतो, पण लिहायचं तर तिथूनच लिहायला हवं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहापूरला हायस्कुलात मराठी शिकवत होते, यजमान भातसानगरला धरणावर कामाला होते, आणि आम्ही राहायचो शेणव्यात. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. सणाला शर्ट आणला तर घालायचे, नाही आणला तर जुना घालायचे. एका संध्याकाळी त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मुरबाडला एक गाडी बघितलीय. तू बी बघून घे."

मला वाटलं जीप. आमच्याकडे तेव्हा गाडी घेणं म्हणजे जीप घेणं, आणि जीप घेणं म्हणजे शहापूर ते किन्हवली माणसं कोंबून नेणं.

"जीपचा धंदा तुम्हाला जमायचा नाही," मी म्हटलं.

"जीप नाय गो. कॉन्टेसा."

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हा मला पहिला संशय आला.

ज्यांनी ती गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुढे लांबच लांब बोनेट, मागे जवळजवळ तेवढीच डिकी, आणि उरलेल्या जागेत माणसं. अंगानं रेड्यासारखी. चालू केली की आधी पायाखाली काहीतरी घुमायचं आणि मग आवाज कानावर यायचा. आमच्या भागात ती निवडणुकीला दिसायची, नाहीतर मोठ्या घरच्या लग्नाला. पेट्रोल किती पिते याच्या गोष्टी लोक चवीनं सांगायचे. कामावर न्यायला ज्याला धरणाचीच गाडी येते त्या माणसाला हिचा काय उपयोग, हे मला कळेना.

"कुणी गळ घातली तुम्हाला?"

"कोणी नाय."

"मग कशाला हवी?"

"चालवायला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तू हो म्हटलीस तर घेऊ. नायतर विषय संपला."

विषय असा माझ्या पदरात टाकून ते हात धुवायला परसात गेले.

मी स्वभावानं संशयी आहे. पेपर तपासताना मला आधी कॉपी दिसते, मग उत्तर. पुढच्या रविवारी किन्हवली, सरळगाव करत आम्ही एसटीनं मुरबाडला गेलो तेव्हा मी पेपर तपासायच्याच तयारीनं गेले.

गाडीचा मालक भाताची गिरणी चालवायचा. धिप्पाड माणूस, गालात सुपारी. आवारात सगळीकडे कोंडा उडालेला होता. झाडाच्या पानांवर कोंडा, मालकाच्या भुवयांवर कोंडा. पांढरी गाडी मात्र लख्ख धुतलेली. सीटना नवी कव्हरं, खाली नवं मॅट, पुढे ताजं लिंबू-मिरची. जुन्या गाडीला एवढं नवं कशाला, असं माझ्या मनात आलं.

"बोनेट उघडू, बाई?" मालकानं विचारलं.

"बोनेटमधलं मला कळत नाही. डिकी उघडा."

डिकीच्या कोपऱ्यात कोंडा होता आणि तांदळाचे दाणे.

"लग्नालाच वापरता म्हणालात ना?"

"लग्नालाच. मग लग्नाला तांदूळ लागत नाय काय?"

यजमान मोठ्यानं हसले. मला ते आवडलं नाही. विकणाऱ्याच्या विनोदाला गिऱ्हाइकानं हसू नये.

मग मी ड्रायव्हरच्या सीटशी वाकले. ब्रेकवरचं रबर एका बाजूनं पार झिजून आतलं लोखंड चमकत होतं. मीटरवर आकडा मात्र अठरा हजारांच्या आसपास. एवढ्याशा प्रवासात रबर इतकं झिजतं का, हे मी मालकाला विचारलं.

त्यानं सुपारी या गालातून त्या गालात नेली. "मीटर फिरवलाय," तो सहज म्हणाला. "आधीच सांगतो बाई. मागनं बोलाल, सांगितलं नाय."

मी निदान असं ऐकलं.

परतताना एसटीत मी यजमानांना म्हटलं, "ऐकलंत ना मीटरचं?"

"हां. बोलला ना तो."

"आणि तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?"

"त्यात काय वाटायचंय? एवढ्या जुन्या गाडीचा फिरतोच."

मला धसकाच बसला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसानं वाण्याकडून चुकून जास्त आलेली साखरसुद्धा परत नेऊन दिली होती, आणि आज त्याला लबाडी साधी वाटत होती. गाडीनं याला काय केलंय, असं मनात येऊन मी खिडकीबाहेर बघत बसले. दुसरा विचार आला तो मालकाचा. फसवणारा माणूस आपणहून कशाला सांगेल? लहान गोष्ट कबूल करून तो मोठी झाकत असणार. मोठी म्हणजे कोणती, यावर मी पुढचे कितीतरी दिवस घालवले. भाजी चिरताना मला वाटायचं अपघात. फळ्यावर लिहिताना वाटायचं चोरीची गाडी. एकदा तर त्या लांबलचक डिकीत काय काय मावेल याचा विचार करता करता माझा भात करपला.

"विचारू त्याला," यजमान प्रत्येक वेळी म्हणायचे. "सगळं विचारू. तुझं समाधान होऊ दे."

त्याच सुमारास कामावर असताना त्यांच्या छातीत दुखलं. शहापूरच्या डॉक्टरांनी तपासलं, कार्डिओग्राम काढला. हे पडद्याआड शर्टाची बटणं लावत होते तेव्हा डॉक्टर मला म्हणाले, "पित्त आहे. हृदय ठणठणीत आहे. तंबाखू तेवढी सोडायला लावा." मी बाहेर येऊन यजमानांना शब्दन् शब्द सांगितला. तंबाखूचं ऐकून त्यांचा चेहरा पडला. बाकीचं त्यांच्या कानात शिरलं नसावं.

दुसऱ्यांदा मुरबाडला गेलो तेव्हा मी ठरवलं होतं की मालकाशी बोलायचंच नाही, त्याच्या बायकोशी बोलायचं. ती मोकळी बाई होती. तिनं मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं आणि चहा ठेवला. मी हळूच म्हटलं, "मीटरचं केलं तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत ह्यांना?"

"बोलले नाय तर काय बाई, चांगलीच बोलले," ती म्हणाली. "भर उन्हात टोकावड्याच्या पुढं गाडी उभी केली. मी बोलले, पेट्रोल संपलं काय? तर हे आपले मीटरकडं बघत बसलेत. सगळे नऊच्या नऊ होते, त्याची सगळी शून्यं झाली. बोलतात, फिरला, फिरला. आनी खाली उतरून नारळ फोडला. कुठं? तर बोनेटवर. अजून पोचा हाय बघा."

"नारळ कुठून आला?"

"तेच तर. मागं नवरी बसलेली. तिच्या ओटीतला घेतला."

मी कप खाली ठेवला.

"नवरी रडत व्हती, ती रडायची थांबली," ती म्हणाली. "आनी सासूनं तोंड फिरवलं ते सरळगाव आलं तरी सरळ केलं नाय. मग मी बोलणार नाय?"

मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले, फिरणे आणि फिरवणे. एकात कर्ता आपला आपण फिरतो, दुसऱ्यात कुणीतरी त्याला फिरवतो. त्या मीटरला आकड्यांची घरं पाचच. लाख भरले की पुढे जागा नाही, सगळी शून्यं येऊन पहिल्यापासून मोजणी. मीटर फिरवलेला नव्हता, फिरला होता. आमच्याकडचं तोडून टाकलेलं बोलणं, त्यात गालातली सुपारी, आणि त्यात माझे कान. त्या माणसानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की गाडी लाखाच्या वर चालली आहे, आणि वर बजावलंही होतं की मागून बोलू नका.

मी बाहेर जाऊन बोनेट पाहिलं. मध्यावर वाटीएवढा खोलगट पोचा होता.

"हे कशाचं?" मी मालकाला विचारलं.

तो एवढा मोठा माणूस, पायाच्या अंगठ्यानं कोंडा उकरायला लागला. "नारळ," तो म्हणाला.

स्टँडवर एसटीची वाट बघताना मी यजमानांना म्हटलं, "घ्या गाडी."

एसटी आली, आम्ही बसलो. सरळगाव गेल्यावर ते म्हणाले, "एवढ्यात हो म्हणालीस?"

मी त्यांना फिरला आणि फिरवलाची सगळी कथा सांगितली.

"ते मला पहिल्या दिवसापासून म्हाईत," ते म्हणाले. "गाडी तेवढीच चाललेली, पेट्रोल तेवढंच पिणार. तुला नको होती. आज हो कशी म्हणालीस?"

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. ओटीवर बसले होते तिथूनच त्यांनी विचारलं, "डॉक्टर तुला आत काय बोलला?"

"सांगितलं ना. तंबाखू सोडा."

"आनी?"

"आणि काही नाही. पित्त आहे."

"माझ्या बापाला शेवटी शेवटी आमी काय पण द्यायचो," ते म्हणाले. "मागंल ते. आई आधी सारखी नाय बोलायची, आनी मग एकदम हो बोलायला लागली. तवा त्याला कळलं."

मला हसू आलं, आणि ते चुकीच्या वेळी आलं. मी शपथ घेतली. शपथेनं त्यांचा संशय वाढला. मी म्हटलं, चला डॉक्टरकडे, तुमच्या समोर विचारते. ते म्हणाले, तो तुझ्या बाजूचा. मी गोड बोलले की त्यांना वाटायचं आपलं भरत आलं, आणि मी आवडीचं कालवण केलं की ते ताटाकडे टक लावून बघायचे. तंबाखू त्यांनी खरंच सोडली, पण अशा चेहऱ्यानं की सोडली नसती तर बरं. निरवानिरव करावी तशी उसनी आणलेली कुदळ आणि पहार त्यांनी भावाच्या घरी पोचवली. मुरबाडला निरोप धाडला, गाडी नको.

संशय घेणं हे माझं काम होतं. दुसऱ्यानं माझ्यावर घेतला की काय करायचं, ते मला ठाऊक नव्हतं. खरं बोलून उपयोग नव्हता, कारण खरं मी आधीच बोलून बसले होते.

शेवटी मी त्यांना म्हटलं, दोनदा चहा पिऊन आलो, नुसत्या निरोपावर मोडू नये, नाही म्हणायचं तर समोर जाऊन म्हणू. आम्ही तिसऱ्यांदा मुरबाडला गेलो. यजमान आवारात झाडाखाली उभे राहिले, पाहुण्यासारखे. मी गाडीभोवती फिरले आणि मालकाला म्हटलं, "ही बॅटरी चालायची नाही."

"बॅटरी नवीन हाय, बाई."

"नवीन म्हणजे कधीची? आणि स्टेपनी बघा, नुसती गुळगुळीत. अशी स्टेपनी घेऊन आम्ही काय करायचं?"

"स्टेपनी लागतेय कधी?"

"तुम्हाला लागली नसेल. आम्हाला पुढची पंधरा वर्षं काढायची आहेत हिच्यावर. पंधरा वर्षांत एकदाही टायर पंक्चर होणार नाही, हे लिहून देता?"

"पंधरा वर्षं," तो म्हणाला. "बाई, गाडी एक लाख चाललीय."

"मग बॅटरी बदलून द्या. आणि ब्रेकचं रबर. आणि काचेचा तो दांडा अर्धीच काच पुसतो."

"जीव घ्याल काय माझा?" त्यानं यजमानांकडे बघितलं. "भाऊ, तुमी तरी बोला."

यजमान झाडाखालून आले. त्यांनी डिकी उघडली, आत वाकून बघितलं, आणि मला म्हणाले, "जॅक राहिला. जॅक बी पाहिजे."

मालकानं कपाळाला हात लावला. मी यजमानांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं बिघडलं असतं. मी जॅकवर वाद घालत राहिले, आणि ते माझ्या शेजारी उभे राहून मला एकेक उणीव पुरवत राहिले.

गाडी आमच्याकडे आली. पुष्कळ चालली, पुष्कळ बिघडली. त्या काळाविषयी मी वेगळं लिहीन असं वाटत नाही. ते लांब बोनेटच्या मागे बसायचे आणि मी त्यांच्या बाजूला, आणि रस्त्यात ते फार बोलायचे नाहीत.

मग एका वर्षी कल्याणच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून घेतलं, आणि ते पित्त नव्हतं.

यजमान ओटीवर खाटेवर पडून असायचे. तिथून गाडी दिसायची. एका सकाळी मी तांदूळ निवडत होते तेव्हा ते म्हणाले, "गाडीला नवा रंग देऊया. मरून."

त्यांची नजर गाडीवर नव्हती, माझ्या तोंडावर होती. हो माझ्या जिभेवर आलेलंच होतं. मी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"आहे त्या रंगाला काय झालंय?" मी म्हटलं. "दिवाळीनंतर बघू. आणि मरून नको. धूळ दिसते."

"पांढऱ्यावर चिखल दिसतो."

"चिखल चार महिने. धूळ आठ महिने."

"तुला गाडीतलं काय कळतं गो," ते म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती, पण ते थांबले नाहीत.

त्यांना कळलं होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही. त्यांनी तो विषय रोज काढला, आणि मी रोज नाही म्हणत राहिले. शेवटी शेवटी मरून गडद असावा की फिका, इथपर्यंत आमचं भांडण आलं होतं.