जीपच्या बॅटरीवर झालेली वाटणी

गजानन गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, दवाखान्यात की घरी? घरीच, जेवून उठला, भिंतीला टेकला आणि झालं, असं त्याचा भाऊ म्हणाला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. सुईचं नुसतं नाव काढलं तरी हा माणूस उमरखेडहून पळत सुटला असता तो पुसदशिवाय थांबला नसता. त्याला सलाईन बघावं लागलं नाही... रडू मग नंतर आलं.

कापसानं भल्याभल्यांना घरी बसवलं, त्या वर्षांत या गड्यानं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावात कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याएवढे आणि सल्ला देणारे मात्र सगळे. माझा फोटो स्टुडिओ शेजारीच. लग्नांच्या शूटिंगांनी माझी हार्ड डिस्क इतकी ठासून भरली होती, की बटण दाबून मी अंघोळ उरकून यायचो, तरी मशीन जांभया देत असे. त्याच डिस्कमध्ये माझ्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंगही होतं. मूळ कॅसेट बुरशीनं खाल्ली होती. लग्नाच्या पुढच्याच वर्षी आई गेली. ती चालती-बोलती उरली ती फक्त त्या डिस्कमध्ये.

डिस्कचे दोन हिस्से करू, असं गजाननचं मत पडलं. एकात विंडोज, दुसऱ्यात लग्नं. आधी कॉपी काढायला हवी हे त्यालाही कळत होतं, पण तेवढी मोठी डिस्क अख्ख्या तालुक्यात दुसरी नव्हती. लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून त्यानं भरदुपारी सॉफ्टवेअर लावलं. मधात वीज गेली तर सगळं जाईल, असा इशारा पडद्यावर आला. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी अर्ध्यावर पोचली आणि लाइट गेली. वेळापत्रक विजेनं वाचलेलं नव्हतं.

यूपीएस टिवटिवायला लागला. त्याची बॅटरी म्हातारी, दहा मिनिटंही टिकायची नाही. मी नुसता टिवटिव मोजत राहिलो. गजानन मात्र बाहेर धावला आणि फुलसावंगीला निघालेल्या काळ्या-पिवळ्या जीपपुढं आडवा झाला. जीप दारात, बोनेट वर, तिच्या बॅटरीपासून यूपीएसपर्यंत वायरी ताणलेल्या! आत माझ्या हिशोबानं अर्धं फुलसावंगी कोंबलेलं. ड्रायव्हर धुसफुसत होता. एका म्हातारीनं विचारलं, "काहून थांबवली रे बाप्पा?"

पडद्यावरची नजर न हलवता गजानन म्हणाला, "याची माय आत अडकली हाये, आजी. निघाली का सोडतो."

म्हातारी ड्रायव्हरकडं वळली. "गाडी बंद नोको करू."

ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं. पट्टी भरली. बहिणीच्या लग्नाची फाइल गजाननानंच उघडली. मांडवात पदर सावरत आई कॅमेऱ्यावर खेकसत होती, "माह्या तोंडापुढून हट, मले जावई दिसू दे." मी हसलो की रडलो कोण जाणे, जीपमधली माणसं खिडकीत दाटली होती, एवढं आठवतं.

जीप गेल्यावर पाहिलं, तर दोन हिश्श्यांच्या मधात त्यानं थोडी जागा रिकामीच सोडलेली. चांगली जागा वाया घालवली म्हणून मी कुरकुरलो.

"दोन वावरांत धुरा नोको का?" तो म्हणाला. आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. "त्याच्यावर पेरत नसतेत. मानूस चालते त्याच्यावरून."

आता डिस्क पुन्हा गळ्यापर्यंत भरली आहे. जागा काढायला परवा ते सॉफ्टवेअर उघडलं. अलीकडं विंडोजचा पसारा, पलीकडं आई, आणि मधात ती रिकामी जागा... तशीच ठेवली. गजाननला यायला-जायला तेवढी पुरते.