पट्टीवरचं जुनं नाव

मी बांधत असलेल्या वेबसाइटच्या प्रोफाइल-पानावर नाव बदललं, तरी स्क्रीनच्या वरची पट्टी जुन्याच नावानं नमस्कार करत राहिली. पट्टीनं सुरुवातीलाच नावाची स्वतःची प्रत करून ठेवली होती. पुढचं तिला कुणी कळवलंच नाही. वेबसाइट बांधणाऱ्या आम्हा लोकांपुढे हा पेच रोजचाच. सगळी माहिती एका सामाईक जागी ठेवली, तर बदल सगळ्यांना कळतो, पण एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खं पान पुन्हा नव्यानं मांडावं लागतं. ज्याची त्याच्यापाशी ठेवली, तर निवांतपणा मिळतो, आणि हळूहळू कुणाचं काही कुणाला कळेनासं होतं. माझ्या या एका खोलीच्या घरात निवांतपणा भरपूर आहे.

दुपारी गावाहून आईचा फोन आला. म्हणाली, "आज पोहे केले. शेंगदाणे नाही घातले. तुला आवडत नाहीत ना, हातच जात नाही बघ."

शेंगदाणे मी कधीचाच खायला लागलोय. सांगणार होतो, पण "बरं केलंस," एवढंच म्हणालो.

मग पट्टी दुरुस्त केली. नवं नाव लगेच उमटलं. आईजवळची माझी प्रत मात्र तशीच राहू दिली. निदान तो जुना मी तरी रोज कुणाच्या सोबतीनं जेवतो.